भिंत शिकण्याचे रविवार

जेवताना लेकीने जाहीर केलं की ती आणि तिचे दहा मित्रमैत्रिणी जूनच्या सुट्टीत टांझानियाला जाणार आहेत. तिथल्या एका खेड्यात मुलींच्या शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या आहेत. तेव्हा ती विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. मी तिच्या ताटात पोळी वाढत होते.

"बांधायच्या म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बिल्ड करायच्या, आई. विटा वगैरे."

मी सिव्हिल इंजिनियर. सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या आमच्या फ्लॅटपासून माझं ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे, आणि गेली वीस वर्षं मी तिथे स्क्रीनवर खांब आणि स्लॅब काढतेय. तरी त्या दिवशी मी पुढे काही विचारलं नाही. मुलं उत्साहाने काहीतरी करतायत, करू देत, एवढंच मनात आलं.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, ही अकरा जणं आमच्या हॉलमध्ये लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसली होती. नवरा बोटीवर नोकरीला, तेव्हा जहाजावर होता, त्यामुळे घर मोकळंच होतं. मी स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी पोहे करत होते. स्क्रीनवर त्या खेड्यातल्या मुख्याध्यापिका होत्या, पन्नाशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांच्या मागे मक्याची पोती थप्पीने रचलेली दिसत होती, कारण शाळा गावाच्या धान्याच्या कोठारात भरत होती. गावकऱ्यांनी स्वतः विटा भाजून ठेवल्या आहेत, पाया खणायला सुरुवात केली आहे, असं त्या सांगत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांनी आजवर काही बांधलंय?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी एक मुलगा म्हणाला, त्याने खोक्यातून आलेलं पुस्तकांचं कपाट स्वतः जोडलंय. बाई हसल्या. मुलंही हसली. मग बाईंचा चेहरा गंभीर झाला.

"आमच्याकडे गवंडी दोनच आहेत," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला शिकवत बसले, तर भिंती कोण बांधणार? शिकून या, नाहीतर येऊ नका. राग मानू नका, पण माझ्या मुलींचं आणखी एक वर्ष पोत्यांच्या मधे जाऊ द्यायला मी तयार नाही."

कॉल संपला. लेकीने लॅपटॉप मिटला आणि इथल्या मुलांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "कॅन्सल करू या लाह. त्यांना आपण नकोच आहोत."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, आणि आधी काहीही न ठरवता बोलून गेले, "मी शिकवते."

"तू? आई, तू ड्रॉइंग्ज करतेस."

"मी बारा वर्षांची असल्यापासून विटा लावल्यात."

लेक माझ्याकडे बघतच राहिली. तिचं चुकलं नव्हतं. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. माझे वडील गवंडी. फलटणच्या बाजूला आमचं गाव, आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली बिगारी म्हणून असे. आधी घमेली वाहिली, मग माल कालवायला शिकले, आणि एका वर्षी त्यांनी माझ्या हातात थापी दिली. पुण्यात इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा होस्टेलमधल्या मुलींना मी सांगितलं, "बाबा बांधकाम क्षेत्रात आहेत." पुढे सिंगापूरलाही तेच. गणपतीला, हळदीकुंकवाला, कुणी विचारलं की तेच वाक्य. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं.

"आजोबा गवंडी होते? तू मला सांगितलं का नाहीस?"

"पोहे गार होतायत," मी म्हणाले.

शिकवायचं ठरवणं सोपं, जागा मिळणं अवघड. आमच्या इमारतीखाली विटा रचायची परवानगी कुणी देणार नव्हतं. विद्यापीठाने फॉर्म पुढे केले. मी आठवडाभर फोन करत राहिले. अखेर आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत एक वयस्कर चिनी कंत्राटदार भेटले. माझ्या एका कामावर त्यांनी पूर्वी डागडुजी केली होती. त्यांनी शेडमागचा कोपरा रविवारपुरता दिला, दोन अटींवर: प्रत्येकाने सेफ्टी बूट आणि हेल्मेट घालायचं, आणि जाताना जागा झाडून जायचं. विटाही त्यांनीच मिळवल्या, कुठल्याशा पाडलेल्या जुन्या कुंपणाच्या. सिंगापूरमध्ये भिंती आता तयार होऊन ट्रकमधून येतात. वीट बघायला मिळणंही कठीण. सिमेंट वापरायचं नाही असं मी ठरवलं. माती आणि थोडा चुना, म्हणजे भिंत पाडून विटा खरवडून पुन्हा वापरता येतील.

पहिल्या रविवारी मी थापी उचलली. हाताला दहा मिनिटांत सगळं आठवलं. कमरेला मात्र काहीच आठवत नव्हतं. मी दोन थर लावून दाखवले: दोरी कशी ताणायची, वीट भिजवून का घ्यायची, सांध्यावर सांधा का येऊ द्यायचा नाही, ओळंबा सोडून हात स्थिर कसा धरायचा. मग म्हटलं, आता तुम्ही. तीन तासांत अकरा जणांनी मिळून चार फूट लांबीची, सात थरांची भिंत उभी केली. घामाने निथळत, मातीने बरबटून, पण भारी खूश. फोटो काढून झाले. मग लेकीने स्वतःच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला.

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चष्मा पुसून त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "जवळनं दाव. आता बाजूनं. खाली घे." बराच वेळ बघून म्हणाले, "भिंतीला पोट आलंय."

"ग्रँडपा सेज द वॉल गॉट टमी," लेकीने भाषांतर केलं. सगळे हसले.

"आता पाडा म्हनावं."

तिने तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. कपाट जोडणारा मुलगा म्हणाला, "पण अंकल, ती उभी तर आहे." लेकीने मराठीत सांगितलं.

"उभा तर मका बी ऱ्हातो," बाबा म्हणाले. "मक्याखाली कुनी शाळा भरवतं का?"

मुलांनी भिंत पाडली, विटा खरवडल्या, जागा झाडली आणि निमूटपणे एमआरटीच्या स्टेशनाकडे गेली. मला वाटलं, पुढच्या रविवारी अर्धी येणार नाहीत. सगळी आली.

त्यानंतरचे रविवार मला एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत. सकाळी भिंत बांधायची, दुपारी बाबांना दाखवायची, मग पाडायची. तिसऱ्या रविवारनंतर दोघं सोडून गेले. मी त्यांना बोल लावला नाही. एका मुलीच्या तळव्यांना फोड आले तेव्हा तिच्या आईचा मला फोन आला. परीक्षा तोंडावर आलीय आणि मुलीला पेन धरता येत नाहीये, असं म्हणून ती रागावली. तिचं बरोबरच होतं. मी मुलीला निरोप पाठवला, तू थांबलीस तरी चालेल. पुढच्या रविवारी ती बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालून सगळ्यांच्या आधी शेडपाशी उभी होती.

पाडव्याच्या कार्यक्रमात एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "हल्ली रविवारी कुठे असता तुम्ही दोघी?" मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "आम्ही गवंडीकाम शिकतो. आई शिकवते. ती आजोबांकडून शिकली." बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "हो. मी गवंड्याची मुलगी." पंचवीस वर्षं जे वाक्य टाळलं ते इतकं छोटं निघालं. बाईंनी "अय्या, छान," म्हटलं आणि श्रीखंडाकडे वळल्या.

नवव्या रविवारी बाबांनी भिंत नेहमीसारखी न्याहाळली. वरून, खालून, बाजूने. मुलं हेल्मेट हातात घेऊन निकालाची वाट बघत उभी.

"ही कुनी लावली?"

नऊ हात वर झाले.

"चालंल," बाबा म्हणाले.

"ग्रँडपा सेज कॅन!" लेक सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, आणि शेडमागे असा गलका झाला की कंत्राटदार चहाचा कप घेऊन बघायला आले.

या काळात मी आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. मुख्याध्यापिकांनी खोल्यांचा एक नकाशा पाठवला होता, पेन्सिलने काढलेला, वहीच्या पानावर. त्यात खिडक्या फक्त एकाच बाजूला होत्या, उत्तरेला. दक्षिणेच्या भिंतीत वर छताजवळ नुसते लहान झरोके. मला वाटलं, त्यांना कल्पना नाही. आफ्रिका म्हणजे ऊन, आणि उन्हात वारा आरपार खेळला पाहिजे. मी ऑफिस सुटल्यावर बसून स्वच्छ ड्रॉइंग केलं, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या दिल्या आणि पाठवलं. बाईंचं उत्तर आलं, "धन्यवाद. आल्यावर बोलू." मी ते वाचलं आणि तिथेच सोडलं.

मॅनेजरकडून तीन आठवड्यांची रजा मंजूर करून घेतली आणि जूनमध्ये मी मुलांबरोबर गेले.

ते गाव डोंगरावर होतं. मक्याची शेतं, त्यांच्यापलीकडे चहाचे मळे, लाल माती. पाया आणि जोतं गावाने बांधून ठेवलं होतं, पक्कं आणि काटकोनात. तिकडे गवंड्याला फुंडी म्हणतात. दोघांपैकी मोठा फुंडी साठीचा, काटक, डोक्याला लोकरीची टोपी. त्याने मुलांना काही विचारलं नाही. प्रत्येकाला एकेक थापी दिली आणि एकेक थर लावायला सांगितला. विटा हाताने थापलेल्या, एकही दुसरीसारखी नाही; आमच्या शेडमधल्या विटा त्यांच्यापुढे बिस्किटं वाटाव्यात. मुलं हळू लावत होती, पण दोरी सोडत नव्हती. फुंडीने ओळंबा धरला, बघितलं, आणि कपाटवाल्या मुलाच्या हातात पुढची वीट ठेवली. एवढीच परीक्षा.

मग तो माझं ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आला. दक्षिणेच्या खिडक्यांवर बोट ठेवून मान हलवली. बाईंनी त्याचं बोलणं इंग्रजीत सांगितलं: "तो म्हणतो, वारा इथून येतो. थंड वारा. मुली सकाळी सातला येतात."

मी समजावलं. हवा खेळती राहणं, उजेड, आर्द्रता. बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. इंजिनियर तुम्ही आहात." फुंडी टोपी नीट करून कामाला लागला. चार दिवसांत दक्षिणेची भिंत खिडक्यांच्या अर्ध्या उंचीपर्यंत आली. ती जवळजवळ सगळी मुलांनी लावली होती, आणि एवढी सरळ भिंत त्यांच्या हातून आजवर झाली नव्हती.

पाचव्या दिवशी मी लवकर उठून एकटीच जागेवर गेले. धुकं होतं. शाळेच्या मुली येऊ लागल्या होत्या. कोठार उघडेपर्यंत त्या आमच्या अर्धवट भिंतींच्या आत येऊन थांबत. तीसेक मुली, पातळ स्वेटर, उघडे पाय. त्या सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. दक्षिणेच्या खिडक्यांसमोरची अख्खी जमीन रिकामी. मी तिथे जाऊन बसले. पाच मिनिटांत माझे दात वाजायला लागले. अंगावर जाड जॅकेट असूनही वारा आत शिरत होता, आणि वाऱ्याबरोबर बारीक ओल. मी हट्टाने पहिला तास सुरू होईपर्यंत तिथेच बसून राहिले. उठले तेव्हा बोटं वळत नव्हती.

बाईंना गाठून मी विचारलं, "तुमच्या नकाशात खिडक्या एकाच बाजूला होत्या, त्या यासाठी?"

"हो."

"मग मला बजावून का नाही सांगितलंत?"

"फुंडीने सांगितलं की. तुम्ही ऐकलं नाहीत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही इतक्या लांबून मदतीला आलात. मदत करणाऱ्याशी माणसाने किती वेळा भांडायचं?"

फोनला रेंज फक्त चर्चच्या टेकाडावर मिळायची. तिथे जाऊन मी बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. माझ्या लहानपणी त्यांच्या कामावर येणारे इंजिनियर मला आठवत होते; गाडीतून न उतरता कागद हलवून सूचना देणारे. बाबा त्यांच्यासमोर "जी साहेब" म्हणायचे आणि ते गेल्यावर कपाळाला हात लावायचे.

"साहेब झालीस व्हय गं?" बाबा म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही. "आता काय करू?"

"मला काय इचारतीस? त्या गवंड्याला इचार."

मी टेकाड उतरले आणि फुंडीला विचारलं. त्याने काडीने मातीत भिंत काढून दाखवली: खिडक्यांच्या जागी भरीव भिंत, वर छतालगत झरोके, बाईंच्या नकाशात होते तसेच. पण नुसत्या जागा भरून भागणार नव्हतं. नवीन विटा जुन्या भिंतीत नीट गुंतल्या पाहिजेत. म्हणून खिडक्यांच्या तळापासून वरचं सगळं काढून पुन्हा लावायचं.

मी नऊही जणांना जोत्यावर बसवलं आणि सांगितलं, "भिंत उत्तम झालीय. चूक माझ्या ड्रॉइंगमध्ये आहे. फुंडी पहिल्या दिवशी म्हणाला होता, मी ऐकलं नाही. आपल्याला खिडक्यांच्या तळापासून वरचं सगळं काम काढावं लागेल."

शेडमागे दर रविवारी भिंत वाकडी व्हायची म्हणून पाडावी लागायची. ही सरळ होती. हातमोजेवाल्या मुलीचे डोळे भरले. मला वाटलं, आता ही मुलं माझ्यावर बिघडली तर मला बोलायला तोंड नाही.

"आई, पण मग फुंडीला सॉरी म्हणालीस का?" लेकीने विचारलं.

"म्हणाले."

"ओके." ती उठली. कपाटवाल्या मुलाने हातोडी घेतली आणि मला विचारलं, "आंटी, कुठल्या कोपऱ्यापासून?"

आम्ही वरून एकेक वीट सोडवू लागलो. सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं, त्यामुळे विटा अखंड निघत होत्या. त्यावर चिकटलेला माल थापीच्या कडेने खरवडायचा. मुलांना हे डोळे मिटून येत होतं. नऊ रविवार त्यांनी दुसरं काय केलं होतं! फुंडी सुरुवातीला लांब उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने टोपी काढून खिशात कोंबली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही दोघांनी दुपारपर्यंत न बोलता विटा साफ केल्या. मधल्या सुट्टीत मोठ्या वर्गातल्या मुली आल्या आणि साफ विटांची थप्पी लावू लागल्या.

गेलेले दिवस भरून काढायचे होते. त्यानंतर उजाडल्याबरोबर काम सुरू करायचं आणि वीट दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं नाही, असं मुलांनीच ठरवलं. पाणी दोन वळणं खालच्या झऱ्यावरून आणावं लागे. त्याच्या पाळ्या लागल्या. एकदा एका मुलीने लावलेले तीन थर ओळंब्यात बसेनात. फुंडी पलीकडच्या भिंतीवर होता, त्याने पाहिलंही नव्हतं. तिने स्वतःच ते काढले आणि पुन्हा लावले. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही खोल्यांच्या भिंती लिंटेलच्या, म्हणजे दारांवरच्या आडव्या तुळईच्या, उंचीला आल्या. छप्पर नव्हतं. दारं नव्हती. गावाचं लाकूड मक्याची कापणी उरकल्यावर मिळणार होतं. मुलांच्या मनात होतं की शेवटच्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलींबरोबर फोटो काढायचा. तो काही होणार नव्हता. परतीच्या बसमध्ये लेक नखांतलं सिमेंट काढत बसली होती.

"आपण पुरं केलं नाही, आई."

"नाही," मी म्हणाले. खोटी समजूत घालावीशी वाटली नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

सिंगापूरला आल्यावर मी पुन्हा स्क्रीनसमोर बसले. कामात एक फरक पडला. साइटवरून फोन आला की मी पूर्वी ईमेल करा म्हणायचे. आता जाऊन बघते, आणि तिथल्या माणसाला विचारते की तुम्हाला काय वाटतं. काही तरुण सहकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

नोव्हेंबरात बाईंचा निरोप आला. पाऊस सुरू व्हायच्या आत छप्पर चढलं होतं. सोबत फोटो होता: नवे पत्रे, आत बाकांवर मुली, आणि कोपऱ्यात कुणीतरी खडूने काढलेला आफ्रिकेचा नकाशा. ज्या मुली सातवीनंतर घरी बसल्या होत्या त्यांच्यातल्या काही परत आल्यात, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी एकच ओळ: बाहेरगावच्या शिक्षिका राहायला जागा नाही म्हणून टिकत नाहीत, त्यांच्यासाठी दोन खोल्या बांधायचा विचार आहे.

लेकीने तो निरोप ग्रुपवर टाकला. नऊ जणांपैकी सात जण पुन्हा यायला तयार झाले, एकाला नोकरी लागली होती तरी. विद्यापीठातून सहा नवीन मुलांनी नावं दिली. कंत्राटदारांनी कोपरा पुन्हा दिला, त्याच दोन अटींवर. या वेळी शिकवायला लेक आहे; मी विटा मोजून देते आणि पाणी भरते. पहिल्या रविवारी नव्या मुलांनी घाम पुसत विचारलं, असे किती रविवार यायचं आहे? लेक दोरी ताणत म्हणाली, "भिंत सांगेल तेवढे."

मी बाईंना पत्र लिहिलंय. त्यात ड्रॉइंग नाही, प्रश्न आहेत, पानभर. शिक्षिका स्वयंपाक कुठे करतात, पाणी कुठून येतं, दार कुठल्या बाजूला हवं, आणि फुंडीचं काय म्हणणं आहे. उत्तर अजून यायचंय. रजेचा अर्ज मात्र मी कालच देऊन टाकला.